येसनाकाचा नातू

पोशीरच्या बौद्धवाडीत मूल जन्माला आलं की बापाची पहिली फेरी दवाखान्याकडे आणि दुसरी धर्माजी रोकड्याच्या ओट्याकडे, असा वीस-पंचवीस वर्षं रिवाज होता. पेढे मागाहून. बाप ओट्यावर टेकायचा आणि म्हणायचा, "काका, नाव काढा." धर्माजी लगेच काढत नसे. आई कोणत्या गावची, आजा काय करायचा, घरात आधीची पोरं कोण, हे सगळं खोदून विचारी, मध्येच दारूवरून बापाला दोन शिव्या हाणी, आणि मग नाव देई ते अर्थासकट. अर्थ सांगितल्याशिवाय नाव द्यायचं नाही हा त्याचा नेम. "बिनअर्थाचं नाव म्हणजे बिनकडीचं दार," तो म्हणायचा. "कोणी बी ढकलून आत येतो."

शिक्षण चौथी. पण खोपोलीच्या एका कागद कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली, आणि तिथे लगद्यासाठी जी रद्दी यायची तिच्यात पुस्तकं असायची. जेवणाच्या सुट्टीत तो त्या ढिगावर बसून वाची. एकाला पहिली पानं नसत, दुसऱ्याला शेवटची. त्याचं ज्ञानही तसंच झालं होतं. मधलं पक्कं, आगापिछा स्वतः जोडलेला. मोर्चात पुढे, कचेरीत आवाज मोठा, भांडणात माघार नाही. पुढे शिबिर करून तो बौद्धाचार्य झाला आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत लग्नं लावू लागला, पोरांना नावं देऊ लागला.

आता नाव मोबाइल काढतो. ओट्यावर शेवटचा बाप येऊन बसला त्याला तीन वर्षं झाली. बायको चंद्रभागा जाऊन पाच. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस सकाळी एकदाच भात टाकतो, दोन वेळा खातो, आणि दुपारी टीव्हीवर कुणी चुकीचं बोललं की त्याच्याशी मोठ्याने भांडतो. वाडीत मान आहे. येता-जाता लोक "जय भीम, काका" म्हणतात. पण "जय भीम" म्हणणारा थांबत नाही, चालता चालता म्हणतो.

मुलगा मिलिंद काही साता समुद्रापलीकडे नव्हता. खालापूरकडे, कुंभिवलीला, हायवेलगतच्या एका कंपनीत सुपरवायझर. खोपोलीमार्गे दोन बस बदलून दोन तासांची वाट. पण ती वाट चार वर्षांपूर्वी मिलिंदच्या लग्नात तुटली. मुलीकडच्यांनी गुपचूप पंचांग बघून मुहूर्त काढलाय हे धर्माजीला मांडवात कळलं आणि तो हातातला माइक खाली ठेवून सरळ घरी निघून आला. स्वतःच्या मुलाचं लग्न दुसऱ्याने लावलं. तेव्हापासून महिन्याला एक फोन. "बरे आहात?" "हाय." "औषध घेताय?" "घेतोय." संपलं.

म्हणून त्या बुधवारी मिलिंदचा फोन नेहमीपेक्षा लांबला तेव्हा धर्माजी उठून उभा राहिला.

"बाबा, मुलगा झालाय. दहा दिवस झाले."

"दहा दिवस?"

"पौर्णिमाला जरा त्रास झाला, म्हणून कुणालाच नव्हतं कळवलं. आता दोघं ठीक आहेत. रविवारी नामकरण. वंदना तुम्ही घ्याल का?"

"घेतो," धर्माजी लगेच म्हणाला.

"आणि बाबा, नाव. आम्ही मोबाइलवर बघून बघून थकलो. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन आर्यन आणि दोन आरव आहेत. पौर्णिमा म्हणते जुनं पाहिजे, एकदम जुनं, मध्ययुगातलं वगैरे. आता कुणाचंच नसलेलं. आणि त्याचं मूळ काय, अर्थ काय, ते सगळं सांगता आलं पाहिजे. ती म्हणाली, बाबांना विचार."

"ती म्हणाली?"

"हो. ती."

फोन ठेवल्यावर धर्माजीला शोधायचं काहीच नव्हतं. नाव तयार होतं. सत्त्याहत्तर वर्षं तयार होतं, फक्त मिलिंदला ते ठाऊक नव्हतं, कारण बापाने कधी सांगितलंच नव्हतं.

येसनाक.

ते धर्माजीचं स्वतःचं नाव. जन्मतः मिळालेलं. आज्याचं नाव नातवाला द्यायचं, अशी रोकड्यांच्या घराची चाल होती. आजा येसनाक, म्हणून नातू येसनाक. त्या आज्याचा आजाही तोच असणार. किती पिढ्या मागे जातं हे कुणाला माहीत नव्हतं, पण महारांची अशी 'नाक' लागलेली नावं जुन्या कागदांत सापडतात हे त्याने रद्दीतल्याच एका बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकात वाचलं होतं. तो स्वतः आठ वर्षांचा असताना, छप्पन्नच्या पुढच्या साली, वाडीने धम्म घेतला. बापाने घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले आणि काठावरच पोराला सांगितलं, आजपासून तू धर्माजी. त्या दिवसापासून सगळे धर्माजी म्हणू लागले. एक थोरली बहीण तेवढी सुधारली नाही.

गुरुवारी तो कर्जतच्या वाचनालयात जाऊन बसला. सुनेला अर्थ हवा होता, तर तो पक्का हवा. 'येस' म्हणजे यश, ते सरळ होतं. भांडण होतं ते 'नाक'वर. एका पुस्तकात लिहिलं होतं की हा 'नायक'चा घासलेला तुकडा, म्हणजे टोळीचा पुढारी. दुसऱ्यात होतं की हे नागांचं नाव, जुन्या नागवंशाची खूण. दोन्ही लेखक आपापल्या जागी ठाम, आणि दोघांच्याही हातात ठाम म्हणावा असा कागद नाही. नायक म्हटलं की छाती फुगते, नाग म्हटलं की ऊर भरून येतो. धर्माजी जन्मभर ऊर भरून भाषणं देत आला होता. पण ऊर भरून येणं म्हणजे पुरावा नव्हे, एवढं त्याला कळत होतं. त्याने दोन्ही पुस्तकं मिटली. शब्दाचा अर्थ पंडितांनी भांडून घ्यावा. नावाचा अर्थ ज्याने ते वागवलं त्याच्यात असतो, आणि त्याची गोष्ट सांगायला एकच माणूस जिवंत होतं.

शुक्रवारी तो जीपने कशेळ्याला गेला. थोरली बहीण सोनुबाई चौऱ्याऐंशीची, बाजाराच्या मागच्या आळीत लेकीकडे राहायची. डोळे गेले होते, कान शाबूत होते. चपलेच्या आवाजावरून तिने ओळखलं.

"येसू का रं?"

"आक्का, मीच."

"मरनाची वाट बघायला आलास, का च्या प्यायला?"

"आज्याची गोष्ट सांग. शिवेची."

"ती तुला पाठ हाय."

"परत सांग. नातवाचं नाव ठेवायचंय."

सोनुबाईने पाय पसरले, पदर गुडघ्यावर घेतला आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. रोकड्यांचं मूळ गाव पोशीर नव्हे. नदीपलीकडे डोंगराच्या बाजूला होतं, त्याचं नाव ती घेत नसे. इंग्रजी अमलात त्या गावाचा आणि शेजारच्या गावाचा शिवेवरून तंटा पेटला. ओढ्याकाठची सात एकर भातजमीन, कुणाची? अशा वेळी शीव दाखवायचं काम महाराचं. त्याने शिवेतलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि आपल्याला ठाऊक असलेल्या हद्दीवरून चालायचं. दोन्ही गावं मागून येणार, आणि तो चालेल ती शीव. एरवी ज्याची सावली चालत नाही त्याचं पाऊल त्या एका दिवशी सगळ्यांना मान्य. आदल्या दिवशी गावच्या पुढाऱ्यांनी आज्याला बोलावून समजावलं, ओढ्याकाठच्या आंब्याच्या पलीकडून चाल, तुझं बघून घेऊ. सकाळी आजा ढेकूळ घेऊन निघाला आणि आंब्याच्या अलीकडून चालला. हद्द तिथूनच होती. आपल्याच गावाची सात एकर त्याने चालत चालत दुसऱ्या गावाला देऊन टाकली.

"कागुद झाला," सोनुबाई म्हणाली. "त्यात त्याचं पुरं नाव लिवलं. एरवी येशा, ये येशा. त्या दिसाला येसनाक."

धर्माजीचे डोळे चमकले. "हेच. हाच अर्थ. खोटं चालला नाय तो."

"आनि मंग?"

"मंग काय? बलुतं बंद केलं गावानं. दोन वर्सं दाना नाय दिला. तरी वाकला नाय."

"तो नाय वाकला. आजीला कोन इचारलं?" सोनुबाईचा आवाज काही चढला नाही. "बापाच्या पाठची एक पोर व्हती. दुसऱ्या साली गेली. कंद उकडून घालायची आजी तिला. आजी मला म्हनली व्हती, तो सात एकर चालला आनि माझी पोर तीन वर्सांची, तिला चालता बी नीट येत नव्हतं."

हे धर्माजीने कधी ऐकलं नव्हतं. शंभर भाषणांत त्याने ही गोष्ट सांगितली होती, मूळ गावाचं आणि आज्याचं नाव न घेता, आणि शंभरदा टाळ्या घेतल्या होत्या.

"हे आधी का नाय सांगितलं?"

"तू कधी थांबलास का ऐकायला? कागुद झाला म्हनलं की तू उठलास."

"आक्का, पोरं तेव्हा सगळीकडं मरत हुती."

"व्हय. पन ही ह्या पायी मेली." तिने हाताने चाचपून त्याचा गुडघा शोधला. "बापानं ते नाव टाकासंगं नदीत सोडलं. तू आता गळ टाकून काढतोस. कशापायी, सांगू? मी मेले की तुला येसू म्हननारं कोन उरत नाय. म्हनून त्या बाळाला मधी घेतोस."

धर्माजी ताडकन उठला. चहा चुलीवर उकळत होता. भाची "मामा, कपभर तरी" म्हणेपर्यंत तो आळीच्या तोंडाशी पोचला होता. जीपमध्ये त्याने शेजारच्या माणसाला विनाकारण सरकायला सांगितलं आणि पूर्ण रस्ताभर मनात बहिणीशी भांडला. त्या भांडणात तो जिंकला. तरी घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्ती. कुंभिवलीला उतरला तेव्हा सर्व्हिस रोडवर कंटेनरांची रांग लागली होती आणि मिलिंद मोटारसायकल घेऊन टपरीशी उभा होता. चार वर्षांत पोराला पोट सुटलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिलिंद वाकून पाया पडू लागला तसं धर्माजीने त्याला मध्येच धरलं. पाया पडणं त्याला पटत नसे. पण धरलेला हात त्याने लगेच सोडला नाही.

"नाव मिळालं का बाबा?"

"घरी सांगतो."

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माणसांनी भरत आला होता. पौर्णिमा आतल्या खोलीत बाळाला पाजून बसली होती. धर्माजी दारात खाकरला. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "या ना बाबा. आधी तुम्हीच बघा. बाहेर गेला की हातोहात फिरेल."

बाळ सावळं होतं. रोकड्यांचं रुंद कपाळ. धर्माजी पलंगाच्या कडेला बसला, मिलिंदने दार लोटलं, आणि मग धर्माजीने सांगितलं. नाव सांगितलं. यश सांगितलं, नायक आणि नाग दोन्ही सांगितले, आणि दोन्हीवर त्याचा विश्वास नाही हेही. शिवेची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाला की हे नाव माझं होतं. मेलेल्या पोरीचं त्याने सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

मिलिंद दाराला टेकून ऐकत होता. आधी त्याचा चेहरा हलला, आपल्या बापाचं आणखी एक नाव होतं हे पहिल्यांदाच कळत होतं. मग तो कठीण झाला.

"बाबा, हे नाव नाहीये. हा जातीचा दाखला आहे. मी कंपनीत आडनाव सांगतो तेव्हा समोरचा दोन सेकंद थांबतो. दोन सेकंद. तेवढंच मी रोज मोजतो. आणि तुम्ही याला..."

"लाज वाटते तुला?"

"मला नाही वाटत. पण आम्ही जुनं नाव मागितलं होतं, बाबा. राजाबिजाचं. तुमचं नव्हतं मागितलं."

त्यावर धर्माजीकडे पन्नास वर्षांची उत्तरं होती. लाज कुणी वाटून घ्यायची, लपणाऱ्याने की लपायला लावणाऱ्याने. राजाचं नाव घेतलं की कुणी राजा होतो का. सगळी ओठांवर आली. बाहेर पाहुणे शांत झाले होते, म्हणजे आवाज बाहेर पोचला होता. मिलिंदने एकदा दाराकडे पाहिलं आणि तोच आवाज खाली आणून म्हणाला, "चला मग, मांडव सोडून जा परत."

"तुम्ही थांबा," पौर्णिमा नवऱ्याला म्हणाली. तिने बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवला. "बाबा, गोष्ट मला आवडली. मी त्याला सांगेन. पण शाळेत पहिल्या दिवशी बाई नाव विचारतील तेव्हा गोष्ट सांगायला मी तिथे नसेन. तो एकटा असेल. पाच वर्षांचा." मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं होतं शाळेत, ते नाव होतं तेव्हा?"

हा प्रश्न धर्माजीला जन्मात कुणी विचारला नव्हता. चंद्रभागानेही नाही.

पहिली-दुसरीला हजेरी घेताना मास्तर सगळ्यांना नावाने हाक मारी. त्याचं नाव आलं की मास्तर नुसता दाराबाहेर बसलेल्या पोरांकडे बघून वहीत खूण करी आणि पुढे जाई. ते नाव मास्तर तोंडात घेत नसे. दोन वर्षांत एकदाही त्याला "हजर" म्हणायला मिळालं नाही. मग बापाने शाळेत जाऊन, दोन तास उन्हात उभं राहून नाव बदलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरने वाचलं, "धर्माजी". पोरगा इतका दचकला की हजर म्हणायचंच विसरला.

बाप त्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा होता. बाप म्हणजे त्याच येसनाकाचा मुलगा. ज्याची धाकटी बहीण कंद खाऊन गेली तो. त्याला गोष्ट माहीत असणार, शेवटापर्यंत. तरी त्याने ते नाव आपल्या पोराला दिलं होतं, चाल म्हणून. आणि संधी मिळाली त्या दिवशी काढून घेतलं होतं.

"हजेरीत घेत नव्हते," धर्माजी म्हणाला. एवढंच.

मिलिंद दारापासून सरला आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"दुसरं काय ठरवलंय तुमी?" धर्माजीने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिलिंद म्हणाला, "काहीच नाही जमलं तर रुद्र. पण तुम्हाला..."

"देवाचं हाय."

"हो."

"आणि बिल्डिंगीत?"

"एकच आहे," पौर्णिमा म्हणाली. "दुसऱ्या विंगमध्ये. आणि एक कुत्रा."

धर्माजीच्या ओठाचा कोपरा हलला. मिलिंदने ते पाहिलं आणि मान खाली घातली, हसू लपवायला.

"अर्थ ठाऊक हाय का?"

"रडणारा," मिलिंद म्हणाला. "मोबाइलवर होतं. आणि भयंकर."

"हां. रडवणारा पन म्हनतात." धर्माजी उठला, सदऱ्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. "ठेवा. हाजरी तुमच्या पोराची हाय."

बाहेर फोटोपुढे त्याने मेणबत्ती लावली. वंदना घेतली, तीन शरण, पाच शील. आवाज अजून खणखणीत होता, एक-दोन पाहुण्यांनी मोबाइल खिशात ठेवले. मग त्याने नाव उच्चारलं, रुद्र मिलिंद रोकडे, तीनदा, कुठेही न अडखळता. त्याच्या बापाने ज्या देवांना नदी दाखवली त्यांच्यातल्याच एकाचं नाव त्याच्या तोंडून निघालं, आणि साडेतीन किलोच्या त्या पोराला त्याचं काहीच नव्हतं. टाळ्या वाजल्या. केक कापला. शेजारणीने विचारलं, "आजोबांनी सुचवलं का?" मिलिंद काय म्हणाला ते धर्माजीला ऐकू आलं नाही.

दुपारी पाहुणे ओसरले. मिलिंद खुर्च्या परत करायला खाली गेला होता, पौर्णिमा न्हाणीघरात. बाळ धर्माजीच्या मांडीवर होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त हायवेवरच्या गाड्यांचा आवाज. बाळाचा कान इवलासा, कडेने अजून दुमडलेला. धर्माजी खाली वाकला. एकदा म्हणायला काय जातंय. कुणी लिहिणार नाही, कुणी ऐकणार नाही, पोराच्या आठवणीतही राहणार नाही. फक्त एक जिवंत कान ते ऐकेल, आणि नाव आणखी एक माणूसभर पुढे जाईल. त्याचे ओठ कानाला लागले, तसं बाळाने झोपेतच तोंड फिरवलं. धर्माजी तसाच वाकून राहिला. आत नळ वाहत होता तो बंद झाला.

तो सरळ झाला.

"रुद्र," तो म्हणाला. "ए रुद्र. आजा चालला आता."

पौर्णिमा पदराला हात पुसत बाहेर आली. त्याने बाळ तिच्या हातात दिलं, मान सांभाळून, आणि विचारलं, "खोपोलीची गाडी किती वाजता मिळंल?"